चार खंडी अन् सात

माझ्या डाव्या अंगठ्यावर एक आडवी खूण आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो, इंग्रजीचा अभ्यास करताना लागलं. लोक हसतात. चिखली तालुक्यातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी ठरवून केलेल्या एकाही विनोदाला कुणी हसलं नव्हतं. आता खरं बोलतो तर हसतात.

या जखमेची सुरुवात १९८३ सालच्या जूनमध्ये झाली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला गावातला पहिलाच मास्तर, त्यामुळे चालताना मान जरा वर असायची आणि दोनदा मी त्यापायी शेणात पाय दिला होता. २५ जूनला, शनिवारी, कपिल देवच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. सोमवारी शाळा भरली तेव्हा पोरांच्या डोळ्यांत अजून मोहिंदर अमरनाथ धावत होता. अशा वर्गात पाठ्यपुस्तकातला धडा काय घ्यायचा, म्हणून मी घरून लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण घेऊन गेलो. १९ नोव्हेंबर १८६३ चं ते भाषण, तीनशे शब्दांच्याही आत आटोपलेलं. म्हटलं, पोरांना कळू दे खरं इंग्रजी काय चीज असते.

त्या भाषणाच्या तोंडालाच 'फोर स्कोअर अँड सेव्हन' वर्षांचा हिशोब आहे. मला शब्दकोश बघायची सवय नव्हती, कारण मला इंग्रजी येत होतं. मी फळ्यावर 'स्कोअर' लिहिलं आणि खडू झटकत सांगितलं, "लिंकन म्हणतो, अमेरिकेच्या तेव्हा चार धावा झाल्या होत्या आणि त्याला सात वर्षं लागली होती."

वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"गुर्जी, आपल्या एकशे त्र्याऐंशी झाल्या. अमेरिकेच्या चारच?"

"सुरुवातीची षटकं होती," मी म्हणालो.

खिडकीत मुख्याध्यापक उभे होते. ते काही बोलले नाहीत. मधल्या सुटीत त्यांनी मला बोलावलं, समोर कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, एक वजाबाकी करा. अठराशे त्रेसष्ट वजा सत्याऐंशी."

मी केली. सतराशे शहात्तर आले.

"कशाचं साल?"

"अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं."

"एक स्कोअर म्हणजे वीस. चार स्कोअर ऐंशी. त्यात सात. आता वर्गात जा आणि त्या धावा परत घ्या."

धावा परत घेणं फार अवघड असतं. पुढची चार वर्षं मी ग्राउंडवरून गेलो की पोरं ओरडायची, "गुर्जी, अमेरिकेचा स्कोअर काय झाला?" त्या दिवशी मात्र मी घरी जाऊन शब्दकोश उघडला आणि त्याच त्या अंतिम सामन्याचा हिशोब मांडला. आपले १८३ म्हणजे नऊ स्कोअर आणि तीन. वेस्ट इंडिज सर्वबाद १४०, म्हणजे बरोबर सात स्कोअर, एक कमी नाही की जास्त नाही. हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या अभिमानानं सांगितलं. कुणाला काहीच कळलं नाही. मला बरं वाटलं.

माणसाचा एखाद्या शब्दापायी अपमान झाला की तो शब्द डोक्यात घर करतो. माझ्या डोक्यात या 'स्कोअर'नं भाडं न देता चाळीस वर्षं मुक्काम केला. मिळेल तिथून मी त्याची माहिती जमवली. हा शब्द मुळात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ खाच. त्यांची जहाजं इंग्लंडला लागली तेव्हा माणसांबरोबर शब्दही उतरले, त्यातला हा एक. कळप मोजायचा तर बोटांवर किती मोजणार? हातापायाची मिळून वीस बोटं संपली की काठीवर एक खाच पाडायची आणि पुन्हा एकपासून सुरू. होता होता खाच म्हणजेच वीस झाले. उत्तर इंग्लंडातले मेंढपाळ तर मेंढ्या मोजायला वेगळेच आकडे वापरत, यान, टॅन, टेथेरा असे. पंधराला 'बमफिट' म्हणत आणि विसाला 'जिगिट'. त्यांच्या गणतीत विसाच्या पुढे आकडाच नसे. पुढे खाच.

मग ही खाच काठीवरून उतरून जिकडे तिकडे पसरली. दारूच्या गुत्त्यात कुणाकडे किती बाकी, त्याच्या खुणा झाल्या, तोही स्कोअर. त्यावरून जुनं वैर फेडणं म्हणजे स्कोअर चुकता करणं. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावा काठीवर खाचा पाडूनच मोजत आणि धावेलाच 'नॉच', म्हणजे खाच म्हणत. पुढे काठी गेली, वही आली, खाचेचं नाव राहिलं. म्हणजे १९८३ साली मी अगदीच चुकलो नव्हतो, दोन्ही अर्थ एकाच काठीवरचे होते. हे मला कळलं तेव्हा ते मुख्याध्यापक वारले होते, नाहीतर मी तसाच सायकलवर टांग टाकून त्यांच्याकडे गेलो असतो.

खाचांच्या काठीला कुणी अडाण्यांचा हिशोब समजू नये. इंग्लंडच्या सरकारी खजिन्याची देणीघेणी शेकडो वर्षं अशाच खाचा पाडलेल्या काठ्यांवर होती आणि ती पद्धत १८२६ साली कुठे बंद पडली. उरलेल्या जुन्या काठ्यांचं करायचं काय, तर १८३४ साली त्या पार्लमेंटच्या भट्टीत घातल्या. १६ ऑक्टोबरला भट्टी इतकी पेटली की जवळजवळ सगळं पार्लमेंटच जळून गेलं. जुना हिशोब जाळू नये, असं आमच्याकडचा कुठलाही सावकार त्यांना फुकट सांगता.

हे सगळं मी नॉर्स आणि इंग्रज लोकांच्या नावावर जमा करत होतो. घरात काय चाललंय इकडे लक्ष नव्हतं.

माझी आजी विसाच्या पुढे मोजत नसे. गोवऱ्या थापून वाळल्या की उडवा रचताना ती "एक ईस, दोन इसा, तीन इसा" करत जायची. वऱ्हाडीत विसाचा ईस होतो. एक ईस झाला की भिंतीवर कोळशाची रेघ. पन्नासला ती "दोन इसा अन धा" म्हणायची. मी तेव्हा चौथीत, पाढ्यांच्या मस्तीत. म्हणालो, "आजी, तीन इसा काय म्हणतेस? साठ म्हण."

आजी हात न थांबवता म्हणाली, "तुह्या साठात काही जास्ती भरते काय? मंग माह्या तीन इसात बी एक कमी नाई."

फ्रेंच माणूस आजही ऐंशीला चार ईस म्हणतो आणि नव्वदला चार ईस अन धा. पॅरिसमध्ये अंधांसाठीचं एक जुनं रुग्णालय आहे. तेराव्या शतकात तिथं तीनशे अंधांची सोय केली होती, म्हणून त्याचं नावच 'पंधरा इसा'. माझी आजी पॅरिसला गेली असती तर हिशोबाला अडली नसती. मी गेलो असतो तर अडलो असतो, कारण मला साठ म्हणायची सवय.

आकड्यांच्या बाबतीत आमचा बुलढाणा जिल्हा फार श्रीमंत आहे, हे जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नाही आणि जिल्ह्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाली नावाची भाषा बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसत नाही, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात एक हा आकडा तिचा स्वतःचा, दोन-तीन-चार द्राविडी वळणाचे आणि पाचपासून पुढे शेजाऱ्यांकडून उसने आणलेले. साखर, विरजण आणि आकडे शेजारी मागायला लाज कसली? कडब्याच्या पेंढ्यांचा हिशोब पाचुंद्यानं, म्हणजे पाच-पाच पेंढ्यांनी. आंबे गाहीनं, तेही पाच-पाच. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली खंडी.

खंडीनंच माझा घात केला. म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

निवृत्त झालो आणि माझ्यातला विद्वान मोकळा सुटला. गावच्या वाचनालयात 'एका शब्दाची गोष्ट' या विषयावर बोलायचं ठरलं. विषय अर्थातच स्कोअर. तयारी करताना मला वाटलं, याला मराठी जोड हवी, आणि खंडी सापडली. खंडी म्हणजे वीस मण. इथंही वीसच. इंग्रजांनी हा शब्द उचलून 'कँडी' केला. गोड कँडी वेगळी, ती खंड म्हणजे साखरेच्या खड्यावरून फारसी-अरबी वाटेनं गेलेली. वजनाची खंडी तोडण्याच्या, खंड करण्याच्या धातूशी जोडतात. इकडे स्कोअर हाही कापण्याच्याच जुन्या धातूतून आलेला, आणि त्याच धातूची दुसरी फांदी संस्कृतात 'कर्तरी' होऊन आपल्याकडे कातर झाली. म्हणजे मेंढ्या मोजायचा त्यांचा शब्द आणि मेंढ्यांची लोकर काढायची आपली कातर एका रक्ताची निघाली! हे सापडलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, गॅस बंद केलाय ना, बघा."

आमच्या भागात खंडी म्हटलं की कापूस. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरची रेल्वे काढली ती कापसासाठी आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला होता. मेट्रिक मापं आली, मण-शेर गेले, तरी रुईचा भाव व्यापारी अजून खंडीनंच सांगतात. पण ही कापसाची खंडी सुमारे ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंड. मुंबईचा मण २८ पौंडांचा. भागाकार करून बघा, वीस मण येत नाहीत, अठ्ठावीस येतात. वीस मणांची मुंबईची साधी खंडी ५६० पौंडांची, २५४ किलो. आणि चाळीस शेरांच्या सरकारी मणाची खंडी धरली तर ७४६ किलो. एका शब्दाची तीन वजनं. शिवाय बोलताना आपण "खंडीभर पोरं" म्हणतो त्यात वजनही नाही नि संख्याही नाही, नुसती कटकट आहे. इंग्रजीतही 'स्कोअर्स ऑफ पीपल' म्हणजे मोजायला कंटाळा येईल इतके लोक. हे सगळं मी टिपणात व्यवस्थित उतरवलं. एक अर्थ तेवढा राहिला. जो मला सोडून सगळ्यांना माहीत होता.

व्याख्यानाच्या आठवडाभर आधी, एप्रिलात, चुलतभावाचा फोन आला. माझी तीन एकर तोच कसतो.

"दादा, वावरात मेंढ्या बसवाच्या काय? धनगर आला हाय. जमीन नुसती भुकेजली हाय."

मेंढ्या बसवणं म्हणजे रात्री कळप वावरात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या आणि मूत जागच्या जागी जमिनीत जातं, खताची गाडी हाकायला नको. धनगराला त्याचे पैसे किंवा धान्य.

"भाव काय?"

"साठ रुपये खंडी, एका रातीचे."

माझे कान टवकारले. ज्या शब्दावर मी आठवडाभरानं तासभर बोलणार, तो शब्द जिवंत, चार पायांवर, माझ्याच वावरात येत होता.

"कोणती खंडी?" मी विचारलं. "सरकारी, मुंबईची की कापसाची?"

तिकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "मेंढ्यांची."

शहाण्या माणसानं इथं थांबून विचारलं असतं. मी कागद घेतला. आमच्याकडची मेंढी सरासरी पंचवीस किलोची धरली. सरकारी खंडीत तीस मेंढ्या बसतात, मुंबईच्या खंडीत दहा, कापसाच्या खंडीत चौदा. यातली खरी कोणती? कापसाचीच असणार, कारण कापूस काय नि मेंढी काय, दोघांचंही शेवटी सूतच निघतं. या तर्काचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. शंभरेक मेंढ्या पुरेत, म्हणजे सात खंडी. तसं भावाला कळवलं.

"सात नाईत त्याच्यापाशी," भाऊ म्हणाला. "पाच खंड्या अन सहा हायेत."

पाच चोक... म्हणजे पाच चौदे सत्तर आणि सहा, शहात्तर. कमी होत्या, पण चालेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः वावरात गेलो. धनगराचा वाडा लागला होता. जाळीचं गोल कुंपण, दोन घोडी, तीन दगडांची चूल, एका टोपलीखाली झाकलेली कोंबडी आणि माणसांहून जास्त विचार करणारं एक कुत्रं. धनगर सत्तरीचा, मोठा पांढरा रुमाल डोक्याला. मी मेंढ्यांकडे पाहिलं आणि नजरेनं अंदाज घेतला. शहात्तर? छे! शंभराच्या वर सहज होत्या. मला भरून आलं. बिचारा अडाणी माणूस, शंभर मेंढ्या हाकतो आणि शहात्तरचे पैसे घेतो. किती गावांत असा बुडाला असेल? मी ठरवलं, याला न्याय द्यायचा.

"आबा," मी म्हणालो, "तुमचा हिशोब चुकतोय. तुमच्या पाच खंड्या नाहीत. सात खंड्यांच्या वर आहेत."

आबांच्या हातातली काठी स्थिर झाली.

"पाच खंड्या अन सहा हायेत, गुर्जी."

"अहो, सात. मला दिसतायत ना. सात खंड्या अन आठ."

"वरच्या कोनाच्या?"

"कोणाच्या म्हणजे? तुमच्याच."

"माह्या पाच खंड्या अन सहा हायेत," आबांचा आवाज चढला. "तुमी म्हन्ता सात अन आठ. मंग दोन खंड्या अन दोन मी कोनाच्या चोरून आनल्या, ते सांगा."

चुलीपाशी बसलेल्या दोन सुना उठून उभ्या राहिल्या. कुत्रंही उठलं. न्याय द्यायला गेलेला मी, मेंढ्यांच्या चोरीचा आळ घेऊन उभा! भाऊ मध्ये पडला, मला हाताला धरून बांधावर नेलं. "दादा, तुले काय झालं? खंडी म्हंजे ईस. मेंढ्यांची खंडी ईसाची राह्यते. लेकराले ठाव हाय."

वीस. स्कोअर. मेंढ्यांचा स्कोअर! नॉर्स लोकांकडे, उत्तर इंग्लंडात, फ्रेंचांकडे शोधत फिरलो ती वस्तू, मेंढ्या विसांनी मोजायचा खास शब्द, आमच्या वावरात कुणाही पोराला माहीत होता. लिंकनसाठी मी अनुवाद शोधत होतो तो माझ्या भावाच्या तोंडी होता. मला इतका आनंद झाला की मी जाऊन आबांची माफी मागितली आणि मग त्याच आनंदात दुसरी चूक केली. म्हणालो, "आबा, उद्या सकाळी मेंढ्या निघताना मला मोजू द्या. तुमच्यावर शंका नाही. अभ्यास आहे."

आबांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं ते आजारी मेंढीकडे बघत असावेत. पण नाही म्हणाले नाहीत.

पहाटे मी लिंबाची एक ओली काठी आणि खिशातला चाकू घेऊन हजर. योजना सोपी होती. जाळी एका बाजूनं उघडतील, मेंढ्या एकेक बाहेर पडतील, मी मोजणार, वीस झाल्या की काठीवर खाच. हजार वर्षांपूर्वीचा नॉर्स मेंढपाळ जसा उभा राहिला असेल तसाच मी उभा राहिलो, फक्त माझ्या पायात सँडल होत्या. आबांनी जाळी उचलली.

मेंढ्या एकेक बाहेर पडत नाहीत. एक पडते, मग चार पडतात, मग काहीच पडत नाही, मग पहिली पडलेली परत आत जाते. वन, टू, थ्री करत मी कशी तरी एक खंडी गाठली आणि पहिली खाच पाडली. खाच पाडायला खाली पाहावं लागतं, तेवढ्यात सहा-सात निसटल्या. त्या अंदाजानं धरल्या. चाळीस, दुसरी खाच. मेंढ्या मोजत पडलं की झोप येते असं इंग्रज म्हणतात. ज्यानं हे सांगितलं त्यानं खऱ्या मेंढ्या मोजल्या नसाव्यात. मला घाम फुटला होता. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ! तिसरी खाच पाडायला मी चाकू टेकवला आणि त्याच क्षणी कळपातल्या एडक्यानं, ज्याच्याकडे माझी पाठ होती, माझ्या गुडघ्याच्या मागे डोकं दिलं.

तिसरी खाच अंगठ्यावर पडली.

आबा धावले. रुमालाचा काठ टर्रकन फाडला, चुलीतली कोमट राख दाबली आणि घट्ट बांधलं. एका हातानं बांधत दुसऱ्या हातानं सुनांना कळप पुढे न्यायची खूण करत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही कसे मोजता?"

"मोजाचं काय त्याच्यात? एखांदी नसली त तिचं पिल्लू ओरडते. पिल्लू नसलं त माय ओरडते." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी ओरडले नाई, मन्जे जास्ती नाई लागलं."

या सगळ्या गडबडीत कळपाबरोबरच्या तीन शेळ्या बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मेथीत गेल्या. शेजारी आणि आमच्यात विहिरीच्या पाण्यावरून जुनी कुरबूर होती. त्यानं मेथीचे जे पैसे सांगितले त्यात त्या कुरबुरीचाही हिशोब धरलेला होता. स्कोअर चुकता करणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलं होतं, अंगाला लागलं त्या दिवशी.

दवाखान्यात नर्सबाईंनी पट्टी सोडली आणि राख बघून आधी मला झापलं. धनुर्वाताचं इंजेक्शन भरताना विचारलं, "काका, कशानं कापलं?"

माझं डोकं अजून वावरातच होतं. तोंडून निघून गेलं, "स्कोअर लिहिताना."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "या वयात क्रिकेट?"

समजावून सांगायचं तर नॉर्स लोकांपासून सुरुवात करावी लागली असती आणि मागे रांग होती. मी मान हलवली. रजिस्टरमध्ये 'क्रिकेट खेळताना इजा' अशी नोंद आहे. चाळीस वर्षं उलटली तरी धावा काही परत घेता आल्या नाहीत.

व्याख्यान मात्र झालं. अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून मी बोललो आणि लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी मी धनगराची गोष्ट सांगितली. रंगाच्या भरात म्हणालो, "आणि मी विचारलं, आबा, मेंढ्या किती? तर तो निरक्षर माणूस लिंकनच्याच शब्दांत म्हणाला, चार खंडी अन् सात!" टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या. तेव्हापासून जिथं बोलायला बोलावतात तिथं मी हाच आकडा सांगतो. देऊळगाव राजाला सांगितला, मेहकरला सांगितला, आता तर मलाही तो खरा वाटायला लागलाय. या लेखाचं नावही मी तेच ठेवलं, बघा.

भावानं परवा विचारलं, "दादा, तू सत्त्याऐंशी सांगत फिरते म्हन्तात. मंग बाकीच्या मेंढ्या मेल्या काय?"

तर लेखी कबूल करतो. आबांच्या मेंढ्या पाच खंड्या अन सहा होत्या, म्हणजे एकशे सहा. साठ रुपये खंडीनं एका रातीचे तीनशे अठरा, तीन रातींचे नऊशे चौपन्न. मेथीचे वेगळे.